वर्गणीची बिअर

आमच्या पबचे मालक माझ्या डोळ्यांदेखत तीनदा बदलले आणि त्यांतला एकही कधी जिना उतरून खाली आला नाही. येणार तरी कसा? मालक म्हणजे माणूस नव्हताच. आधी एक कंपनी होती, मग तिला गिळणारी मोठी कंपनी आली, मग त्या मोठीतून फुटून निघालेली तिसरी, आणि आता एक ग्रुप आहे. त्याचं ऑफिस दुबईतच, काचेच्या इमारतीत; निर्णय मात्र म्हणे तिसऱ्याच देशात होतात. मालक बदलला की आम्हाला ईमेल यायचा आणि त्याची सुरुवात ठरलेली, 'वी आर एक्सायटेड'. कंपनीला आनंद झाला की आमच्याकडचं काहीतरी बंद होतं, हा माझा अनुभव. एकदा फुकटचे मसाला शेंगदाणे बंद झाले. एकदा भिंतीवरचा डार्टबोर्ड काढायला माणसं आली, ती मी चहा पाजून परत पाठवली. या वर्षी कंपनीला फारच आनंद झाला.

मी फिलोमिना, वसईची. देरा भागातल्या एका जुन्या हॉटेलच्या तळमजल्याखालच्या पबमध्ये कॅशियर म्हणून लागले आणि मॅनेजर म्हणून तिथेच पिकले. पबला झकपक इंग्रजी नाव होतं, पण गिऱ्हाइकं आणि आम्ही सगळे त्याला नुसतं 'खाली' म्हणायचो. "संध्याकाळी खाली भेटू." गावात कोणी विचारलं, "फिलू दुबईत काय करते?" की आई सांगायची, "हॉटेलात हिशेब बघते." बिचारीने शेवटपर्यंत पब हा शब्द तोंडातून काढला नाही. मीही तिला कधी भरीस पाडलं नाही.

बाहेरच्यांना हा धंदा नीट कळत नाही, म्हणून थोडं सांगते. दुबईत असे पब बहुतेक हॉटेलच्या पोटात असतात, कारण परवाना हॉटेलच्या आधाराने मिळतो. म्हणजे इमारत एकाची, हॉटेल चालवणारा दुसरा, आणि पबचा नफा मोजणारा तिसरा. पंखा बंद पडला तर तिघांची सही लागते. पबमध्ये काम करणाऱ्याची खरी परीक्षा दारू देताना नसते, ती नाकारताना असते. गिऱ्हाइकाला न दुखवता "आता पुरे, हबीबी" म्हणता यायला वर्षं लागतात. आमचा बारमन कमल, नेपाळचा, त्यात उस्ताद होता. समोरच्याचा ग्लास उचलताना तो असं काही बोलायचा की त्या माणसाला वाटायचं, आपणच थांबायचं ठरवलं.

गिऱ्हाइकंही एकेक नमुना. एक मल्याळी सेल्समन होता. त्याने गल्फ सोडून कायमचा घरी चाललो म्हणून आमच्याकडे तीन वेळा निरोपाची पार्टी दिली. प्रत्येक वेळी रडला, प्रत्येक वेळी आम्ही केक कापला, आणि काही महिन्यांनी प्रत्येक वेळी जिन्यावरून "आंटी, घरी मन लागेना" म्हणत खाली उतरला. चौथ्या वेळी कमलने केक आणायला साफ नकार दिला. टेरी नावाचा एक इंग्रज होता, विमानांच्या दुरुस्तीत काम करणारा, आमच्या डार्ट टीमचा कॅप्टन. सोमवारी डार्टच्या स्पर्धेची मॅच असली की तो चर्चमध्ये आल्यासारखा बूट पुसून यायचा. मॅच हरला की दोष बोर्डाला द्यायचा.

पण आमचं सगळ्यात विचित्र आणि सगळ्यात इमानी गिऱ्हाईक म्हणजे शारजावाले. शेजारच्या शारजात भाडं कमी, म्हणून देरात काम करणारी अर्धी माणसं तिकडे राहतात. मीही तिकडेच राहते. आणि शारजात दारू मिळत नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. तेव्हा वाचकांना वाटेल, ही मंडळी इथे प्यायला थांबत असतील. अजिबात नाही! इथे एक घोट घेऊन गाडी चालवली तरी माणूस आत जातो. ही माणसं थांबायची ती शारजाला जाणाऱ्या अल इत्तिहाद रोडवरचं ट्रॅफिक उतरेपर्यंत. ऑफिस सुटलं की रस्ता जो तुंबतो, तो आठ-साडेआठपर्यंत हलत नाही. मग गाडीत बसून हॉर्न वाजवायचा की खाली येऊन लाइम सोडा प्यायचा?

त्यांच्यासाठी आमच्याकडे एक रीत पडली होती. कोणी पाडली, आठवत नाही. गाडीची किल्ली टेबलावर ठेवलेली दिसली की वेटरने दारूचं कार्ड न्यायचंच नाही, सरळ सोडा न्यायचा. ज्याला प्यायची असेल त्याने किल्ली कमलकडे द्यायची आणि टॅक्सीने जायचं. किल्ली दुसऱ्या दिवशी मिळणार. एवढं साधं. इतक्या वर्षांत आमच्या दारातून पिऊन गाडी घेऊन कोणी गेला नाही, हे मी छातीठोक सांगते.

या शारजावाल्यांचे पुढारी देवधर. पुण्याचे, एका शिपिंग कंपनीत अकाउंट्सला. जन्मात थेंब घेतलेला नाही. तरीही रोज सहाला हजर, कोपऱ्यातलं टेबल, समोर किल्ली, लाइम सोडा आणि बटाट्याचे काप. भोवती ठाण्याचे, कोल्हापूरचे, मंगळूरचे, एक पाकिस्तानी इंजिनिअर, सगळे सोडेवाले. राजकारण, पोरांच्या शाळा, व्हिसा, गुडघेदुखी, सगळं त्या टेबलावर निघायचं. बाकीच्या पबपेक्षा त्या कोपऱ्यात आवाज जास्त आणि नशा शून्य. माझी मुलगी एकदा आली होती. म्हणाली, "मम्मा, धिस इज नॉट अ पब, धिस इज अ वेटिंग रूम." मला राग आला होता, पण खोटं काय होतं त्यात?

गेल्या वर्षी ग्रुपने सोहमला पाठवलं. पार्ल्याचा, तिशीतला, हातात टॅबलेट. मराठी मुलगा म्हणून मला आधी आनंदच झाला. त्याला बटाट्याचे काप खायला घातले. ते खातखातच त्याने बॉम्ब टाकला.

"आंटी, टु बी व्हेरी ऑनेस्ट, हे आउटलेट रिव्ह्यूमध्ये आहे. पीक अवर्सला तुमच्याकडे सगळ्या सीट्स फुल, आणि बारचा सेल बघा. हे लोक दोन-दोन तास एका सोड्यावर बसतात."

"अरे बाबा, ट्रॅफिक असतं."

"ट्रॅफिक इज नॉट अवर प्रॉब्लेम, आंटी."

"ट्रॅफिक हाच आपला धंदा आहे रे! हीच माणसं त्यांच्या ऑफिसची पार्टी इथे करतात. पाहुणे आले की याच हॉटेलात उतरवतात."

"तो रेव्हेन्यू रूम्समध्ये दिसतो, बारमध्ये नाही." त्याने टॅबलेट माझ्याकडे वळवला. त्यात रंगीत काठ्या उभ्या होत्या, आमची लाल. "या क्वार्टरमध्ये इव्हनिंग बार सेल वर गेला नाही तर दे विल क्लोज इट. जागा स्टोअरला जाईल. मी फक्त सांगतोय, हां. इट्स नॉट पर्सनल."

स्टोअरला! म्हणजे जिथे टेरी बूट पुसून येतो तिथे टॉयलेट रोलचे खोके. मी संतापले, पण संताप सांगायचा कोणाला? सोहमच्या वर कोणीतरी, त्याच्या वर आणखी कोणीतरी. एक मालक असता तर त्याच्या घरी जाऊन बसले असते. कंपनीचं घर कुठे असतं?

स्टाफला सांगणं भाग होतं. कमलचं तर सगळंच हॉटेलवर अवलंबून. त्याचा व्हिसा हॉटेलचा, राहायची खोली हॉटेलची. नोकरी गेली की थोड्या दिवसांत दुसरी मिळवायची, नाहीतर गाशा गुंडाळायचा. "मॅडम, इस उमर में मुझे कौन लेगा?" एवढंच म्हणाला. गिऱ्हाइकांना काही बोलायचं नाही, असं मी बजावलं होतं. त्याने त्याच संध्याकाळी देवधरांना सांगून टाकलं.

आता मराठी माणूस संकटात काय करतो? मंडळ काढतो. दुसऱ्या दिवशी मी आले तर कोपऱ्यात बैठक चालू. देवधर अध्यक्ष, ठाण्याचे खजिनदार, पाकिस्तानी इंजिनिअर सल्लागार. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपही निघाला होता, नाव 'ट्रॅफिक मंडळ'.

"फिलोमिनाबाई, आम्ही वर्गणी काढायचं ठरवलंय," देवधर म्हणाले.

"खुळे झालात का? इथे परवानगीशिवाय पैसे गोळा केले तर जेलमध्ये जाल."

"ते मला ठाऊक आहे. म्हणून रोख नाहीच. प्रत्येकाने रोज आपल्या टेबलावर एक बिअर मागवायची. बिल भरायचं. बस. तुमचा बारचा सेल वर."

"आणि पिणार कोण? सगळ्यांना गाडी चालवायचीय. तुम्ही तर घेतही नाही."

"वर्गणी देणारा प्रत्येक जण महाप्रसादाला थांबतोच असं नाही," ते शांतपणे म्हणाले. सगळ्यांनी टेबलावर हात आपटले.

मी नको म्हटलं, दोन-तीनदा म्हटलं. ऐकतंय कोण! त्याच संध्याकाळपासून कोपऱ्यात बिअरचे ग्लास जायला लागले. ग्लास काठोकाठ भरलेले, शेजारी गाडीच्या किल्ल्या, आणि मंडळी सोडा पितायत. कमल धावत माझ्याकडे आला. "मॅडम, चाबी भी है, बिअर भी है. मैं क्या करूँ?" त्याची आयुष्यभराची शिस्त मोडत होती. शेवटी त्यानेच तोडगा काढला. ग्लास टेबलावर पाच मिनिटं ठेवायचा, फेस बसला की उचलून मागे न्यायचा आणि सिंकमध्ये ओतायचा. टेरीने उदार मनाने मदतीचा प्रस्ताव दिला. "सीम्स अ क्राइम, फिलो," म्हणाला. पण त्याच्याही पिण्याला मर्यादा होती, आणि वर्गणीदार फार.

एकदा देवधर बिल बघत उभे होते. "पंचेचाळीस दिरहॅम. म्हणजे हजाराच्या वर रुपये झाले, फिलोमिनाबाई. रोज हजार रुपये सिंकमध्ये." मग स्वतःच हसले. "पुण्यात हे कोणाला सांगून पटणार नाही." मला त्या क्षणी त्यांचं फार कौतुक वाटलं आणि तितकाच वैतागही आला. हा भला माणूस पंधरा रुपयांच्या कोथिंबिरीसाठी घासाघीस करणारा. आमच्यासाठी रोज न पिण्याची बिअर विकत घेत होता.

तिमाही संपली आणि ईमेल आला. वी आर एक्सायटेड.

आमची लाल काठी हिरवी झाली होती आणि नुसती हिरवी नाही, उंचच उंच. कंपनीच्या कोणा हुशार माणसाने ती बघून निष्कर्ष काढला की देरातल्या ऑफिसवाल्यांना संध्याकाळी प्यायला जागा हवी आहे आणि आमची जुनाट जागा ही मागणी वाया घालवते आहे. तेव्हा पब बंद करून तिथे 'आफ्टर वर्क लाउंज' काढायचं. मखमली खुर्च्या, डीजे, कॉकटेल. बसायचं तर कमीत कमी इतक्याची दारू घ्यायचीच. डार्टबोर्ड जाणार. कमलची बदली अबू धाबीत, खलिफा सिटीजवळच्या ग्रुपच्या हॉटेलात, लग्नाच्या पार्ट्यांचे बुफे लावायला. मला मात्र लाउंजच्या नव्या मुलींना शिकवण्यासाठी एक महिना ठेवणार होते. त्यानंतर 'लेट्स सी'.

मी तडक काचेच्या इमारतीत गेले. सोहमने कॉफी मागवली. मी कॉफीला हात न लावता त्याला सगळं सांगितलं. मंडळ, वर्गणी, सिंक. तो आधी हसला, मग त्याचा चेहरा उतरला. उठून त्याने दार लावलं.

"आंटी, हे प्लीज कोणाला बोलू नका."

"कोणाला म्हणजे? तू वर सांग. त्यांना म्हणावं, इथे पिणारा कोणी नाही. तुमची ती मखमल रिकामी राहील."

"काय सांगू? सेल झाला, बिल झालं, टॅक्स भरला. बिअर पोटात गेली की सिंकमध्ये, ते सिस्टिममध्ये येत नाही. आणि नंबर खोटे होते म्हणालो, तर मग जुनाच डिसिजन. स्टोअर. आणि माझाही जॉब जाईल, तो वेगळा."

"म्हणजे सेल नसला तरी बंद आणि असला तरी बंद?"

त्याने टॅबलेट टेबलावर उलटा ठेवला. मला त्याची कीव आली, पण खोटं कशाला बोलू, रागच जास्त आला. हा पोरगा वाईट नव्हता. त्याच्या वरचाही नसेल. सगळे चांगलेच असतील. आणि तरी एक चालती जागा बंद होत होती, कारण तिथे बसून बघायला कोणाला वेळ नव्हता. तो टॅबलेट घेऊन आमच्याकडे तीनदा आला, पण तिन्ही वेळा दुपारी. संध्याकाळी ट्रॅफिक असतं म्हणून!

देवधरांना मीच सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. किल्ली उचलली, पुन्हा ठेवली.

"म्हणजे आम्हीच बंद पाडला म्हणायचा."

"नाही हो. कंपनीने पाडला."

"नाही, नाही. हिशेब मला कळतो," ते म्हणाले. "आम्ही काही केलं नसतं तर खोके तरी आले असते. पुन्हा खोके हलवून पब करता आला असता. आता मखमलीवर खर्च केल्यावर ते मागे फिरणार नाहीत."

मी चिडून म्हटलं, "मंडळं काढू नका म्हटलं होतं ना मी?" लगेच वाईट वाटलं. ते सोड्याचे पैसे ठेवून ट्रॅफिक उतरायच्या आधीच निघून गेले.

शेवटच्या दिवशी आम्हाला दुपारी चारलाच बंद करायला सांगितलं, कारण कंत्राटदाराची माणसं यायची होती. टेरीने डार्टबोर्ड स्वतः स्क्रू काढून उतरवला आणि बगलेत मारून नेला. हॉटेलने हरकत घेतली तर सांग, चोरला, म्हणाला. कमलने सगळे ग्लास पुसून उलटे मांडले, जणू उद्या लागणार आहेत. मी त्याला म्हटलं, "कमल, खलास. छोड दे." तो म्हणाला, "मॅडम, गंदा छोड़के कैसे जाऊँ?" मग मात्र मला रडू आवरेना.

सहाच्या सुमारास मी वर आले. संध्याकाळी घरी जायची वेळ माझ्यावर क्वचितच आली असेल. मी शारजाहून दुपारी निघायची, उलट्या दिशेने, आणि रात्री उशिरा रिकाम्या रस्त्याने परतायची. ते ट्रॅफिक मी फक्त गिऱ्हाइकांच्या तोंडून ऐकलं होतं. पार्किंगमध्ये देवधर गाडीत एसी लावून बसले होते.

"इथे काय करताय?"

"ट्रॅफिक उतरायची वाट बघतोय," म्हणाले. मग त्यांनाच ते विचित्र वाटलं असावं. "चला, तुम्हाला सोडतो. कधी ना कधी घुसायलाच लागणार."

आम्ही निघालो. पहिली दहा मिनिटं बोललो, कमलविषयी, टेरीच्या चोरीविषयी. मग रस्ता थांबला. समोर लाल दिव्यांचा रांगोळीसारखा पट्टा, शारजापर्यंत. पाऊण तासात एक पूल पार झाला नाही. उजवीकडून एक व्हॅन आडवी घुसली आणि देवधरांनी काच खाली करून त्या ड्रायव्हरला हिंदीत असं काही सुनावलं की मी चमकून बघत राहिले. इतक्या वर्षांत या माणसाचा चढलेला आवाज मी ऐकला नव्हता. कपाळावरची शीर उभी राहिली होती. बोटं स्टिअरिंगवर आवळलेली. मी म्हटलं, "देवधर, गाणं लावू का?" ते म्हणाले, "नको."

तेवढ्यात फोन वाजला. गाडीच्या स्पीकरवर देवधरवहिनींचा आवाज आला. यांना मी वर्षातून एकदा, दिवाळीचा फराळ घेऊन खाली यायच्या तेव्हा भेटायची.

"अहो, किती वेळ? पोळ्या टाकायला घेऊ का?"

"मला काय विचारतेस? रस्ता माझ्या बापाचा आहे का?" देवधर ओरडले. "सारखं काय किती वेळ, किती वेळ! टाक, नाहीतर टाकू नकोस!"

मी खिडकीबाहेर बघितलं. पलीकडून काही आवाज येईना. मला वाटलं, वहिनींनी फोन ठेवला.

मग त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "आजपासून बंद झालं का हो ते तुमचं?"